उजव्या दोरीवरचा झेंडा

"तो झेंडा खाली घ्या."

व्हीएचएफ रेडिओवरचा आवाज शांत होता. इंग्रजी स्वच्छ, जरा जुन्या धाटणीचं. कॅप्टन रणदिव्यांनी डोळ्यांवरची दुर्बीण न काढता मला विचारलं, "कोण हा?"

"मर्सा हल्वेचा हार्बरमास्टर म्हणतोय, सर."

"हार्बरमास्टर नेमायला सरकार लागतं. यांचं गेल्या वर्षी पळून गेलं."

त्यांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला आणि सांगितलं की आपण भारतीय मालवाहू जहाज 'तेरेखोल', जहाजावर एक माणूस गंभीर आजारी आहे, त्याला उतरवून घेण्याची विनंती आहे. झेंड्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

"माणूस उतरवून घेऊ," आवाज म्हणाला. "आधी झेंडा."

परक्या देशाच्या पाण्यात शिरताना त्या देशाचा झेंडा पुढच्या डोलकाठीच्या उजव्या दोरीवर चढवायचा, ही जहाजांची जुनी रीत आहे. तसा कायदा कुठे लिहिलेला नाही. दुसऱ्याच्या घरात शिरताना उंबऱ्यापाशी चपला काढाव्यात, तेवढाच त्याचा अर्थ. त्या सकाळी तो झेंडा मीच चढवला होता. कपाटात देशांच्या नावांनी घड्या घालून ठेवलेल्या झेंड्यांतून या देशाचा शोधला, हिरवा-पांढरा, मधे चंद्रकोर. नकाशावर हा सगळा किनारा त्याच देशाच्या नावाने छापलेला होता. राजधानीत सरकार उरलेलं नव्हतं, मंत्री दुसऱ्या देशांतल्या हॉटेलांत राहत होते आणि उत्तरेकडच्या या बंदराने स्वतःला वेगळा देश म्हणून जाहीर केलं होतं. जगातल्या एकाही देशाने ते मानलं नव्हतं.

खाली केबिनमध्ये सारंग पडला होता. हुसेन परकार, बाणकोटचा. डेकवरच्या सगळ्या खलाशांचा तो मुकादम, आणि माझ्याशी त्याचं कधी पटलं नव्हतं. आदल्या दिवशी नांगराची साखळी ओढताना त्याच्या जांघेतला जुना हर्निया अडकला. तिथे टणक गाठ आली, मग उलट्या सुरू झाल्या. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे असते, आणि तो मी होतो. रेडिओवर मुंबईच्या डॉक्टरांनी लक्षणं ऐकली आणि सांगितलं की आतडं अडकलंय, लवकर कापावं लागेल, नाहीतर ते आतच कुजेल. शस्त्रक्रिया होऊ शकेल असं सर्वांत जवळचं ठिकाण मर्सा हल्वे होतं. त्यानंतरचं बंदर दोन दिवसांवर.

मी इंजेक्शन घेऊन खाली गेलो तेव्हा सारंगने डोळे उघडले.

"सेकंड साब, तुमच्या हातची सुई टोचून आजवर कोण बरा झालाय?"

"तू पहिला होशील."

"पोचलो का?"

"समोर दिसतंय बंदर."

"मग बोट का थांबलीय?"

झेंड्यावरून बोलणं चाललंय असं मी सांगितलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझं पोट फाटतंय आणि साहेब लोक कापडावर अडून बसलेत," तो म्हणाला.

वर आलो तोवर हार्बरमास्टर स्वतःच त्याच्या लाँचमधून निघाला होता. शिडीवरून चढून आला तो चाळिशीचा, सडपातळ माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात रबरी चपला. त्याने नाव इद्रिस साहल असं सांगितलं. लाँचवर त्यांचा झेंडा होता, पिवळा, मधोमध काळा पट्टा.

कॅप्टननी चहा मागवायला सांगितलं.

"चहा नको," इद्रिस म्हणाला. "तुमच्या जहाजावर मी कोण म्हणून चहा पिऊ, हे अजून ठरलेलं नाही."

कॅप्टन माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "लुटारूंची भाषा सुधारली की अशी होते. याच्याकडे बंदूक आहे का बघून घे."

"बंदूक नाही," इद्रिस म्हणाला, मराठीत. "पुण्यात सहा वर्षं होतो. बी.ए. आणि मग कायदा. मराठीतल्या शिव्यासुद्धा कळतात, कॅप्टन. जपून बोला."

त्यानंतरचं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि मराठीत मिळून झालं, आणि त्यात कुणाचाच आवाज चढला नाही. मला आजही वाटतं, ते दोघे ओरडले असते तर बरं झालं असतं.

कॅप्टनचं म्हणणं सरळ होतं. सरकार पडलं म्हणून देश पडत नाही. या देशाला जगाने मान्यता दिली आहे, त्याच्या सीमा ठरलेल्या आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर त्याचा झेंडा अजूनही आहे. आपण तोच लावला आहे. दुसरा झेंडा लावणं म्हणजे एक नवा देश मान्य करणं. ते दिल्लीचं काम आहे, मालवाहू जहाजाच्या कॅप्टनचं नाही.

"त्या इमारतीसमोर झेंडा आहे, बरोबर," इद्रिस म्हणाला. "आत खुर्ची रिकामी आहे. तुमचा पेशंट तिथे उतरवा."

"मी कायद्याचं बोलतोय."

"मीही. पुण्यात आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. देशाला चार गोष्टी लागतात. कायमचे राहणारे लोक, ठरलेला भूभाग, चालतं सरकार, आणि इतरांशी व्यवहार करण्याची क्षमता. ज्या देशाचा झेंडा तुम्ही लावलाय त्याच्याकडे तिसरी नाही, चौथी नाही, तरी तो देश. आमच्याकडे पहिल्या तीन आहेत. चौथीसाठी समोरचा बोलावा लागतो. तुम्ही बोलत नाही."

"तुमच्या परीक्षेला मी बसलेलो नाही."

"तुमच्या त्या झेंड्याची विमानं आमच्या गावावर बॉम्ब टाकून गेली, कॅप्टन. आमच्याच धावपट्टीवरून उडून. तो बघितल्यावर धक्क्यावरचे लोक काय करतील, हे माझ्या हातात नाही."

कॅप्टननी धक्क्याकडे दुर्बीण लावली. मग त्यांनी मला झेंडा उतरवायला सांगितलं. मी पुढे जाऊन दोरी सोडली, घडी घातली आणि परत आलो. आता पाठीमागच्या काठीवर आपल्या व्यापारी जहाजांचा लाल झेंडा तेवढा होता. उजवी दोरी रिकामी.

"झालं," कॅप्टन म्हणाले. "आता न्या त्याला."

"रिकाम्या दोरीचा अर्थ काय होतो?" इद्रिसने विचारलं. "की ही जमीन कुणाचीच नाही. असं कायदासुद्धा म्हणत नाही. सरकार मेलं तरी जमीन बेवारस होत नाही, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. आमचा झेंडा लावा. मी याच लाँचमधून त्याला नेतो. डॉक्टर तयार आहे."

"तुमचा झेंडा आमच्याकडे नाही."

"शिवा. पिवळं कापड प्रत्येक जहाजावर असतं."

ते खरं होतं. आरोग्य तपासणीसाठी चढवायचा पिवळा झेंडा प्रत्येक जहाजावर असतो. काळं कापड म्हणून नकाशाच्या खोलीचा पडदा चालला असता. मी कॅप्टनकडे पाहिलं. ते काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि का म्हणणार तेही. दहा वर्षांपूर्वी ते चीफ ऑफिसर असताना त्यांच्या जहाजाने दुसऱ्या एका बंदरात बंडखोरांचा झेंडा चढवला होता, तिथेही असाच आग्रह झाला म्हणून. पुढच्या आठवड्यात जुन्या सरकारची गनबोट आली. सगळ्या खलाशांना आठ महिने कोठडीत ठेवलं, आणि रणदिव्यांच्या शेजारी झोपणारा रेडिओ ऑफिसर तिथेच विषमज्वराने गेला. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती.

"माझ्या जहाजावर सव्वीस माणसं आहेत," ते इद्रिसला म्हणाले. "एकासाठी पंचविसांना मी अडकवणार नाही. झेंडा नाही."

"मग मी त्याला माझ्या लाँचमध्ये घेऊ शकत नाही."

"का? आजारी माणसाला न्यायला काय अडचण आहे?"

इद्रिसने किनाऱ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगावं असं त्याच्या मनात आलं असावं. "नाही घेऊ शकत," एवढंच तो म्हणाला. मग शिडीकडे जाताना, "तुमच्या बोटीतून पाठवा. मी अडवणार नाही. पण बंदरात मी एकटा नाही."

"हा धमकी देतोय," कॅप्टन म्हणाले.

मलाही ती धमकीच वाटली.

लाइफबोट पाण्यात सोडली. मी, दोन खलाशी आणि स्ट्रेचरवर बांधलेला सारंग. बोट हलली की तो दात आवळायचा आणि प्रत्येक लाटेला खलाशांच्या आईबापांचा उद्धार करायचा. सुकाणू धरणाऱ्याला तो म्हणाला, "अरे, सरळ चालव. मी अजून मेलो नाही, मेल्यावर वाकडी चालव." खलाशी हसले आणि मला जरा बरं वाटलं. शिव्या देणारा माणूस मरत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

लाटा अडवायला बांधलेल्या बंधाऱ्याच्या टोकाशी सात-आठ माणसं बसलेली होती, बंदुका मांडीवर आडव्या. एकाने हात वर करून बोट थांबवली. मी सारंगच्या पोटाकडे बोट दाखवून 'हॉस्पिटल' म्हणालो. त्याने मान डोलावली, आमच्या बोटीच्या काठीकडे बोट केलं आणि प्रश्नार्थक हात फिरवला. काठीवर काही नव्हतं. त्याने पुन्हा तसाच हात फिरवला. मग त्यांच्यातला दुसरा उठला आणि बंदूक घेऊन आमच्या बोटीचा दोर बांधून बसला. आम्हाला बांधाखाली ठेवलं.

किनारा इतका जवळ होता की हॉस्पिटलची पांढरी इमारत आणि तिच्या दारातली रुग्णवाहिका मला दिसत होती. अलीकडे, रस्त्याच्या कडेला, एक मोठं पसरट झाड होतं आणि त्याखाली म्हातारी माणसं बसलेली. कुणी काठीवर हनुवटी टेकवलेली, कुणी जपमाळ ओढत. गावोगावी असतात तशी रिकामटेकडी. इद्रिस बंधाऱ्यावर येऊन त्या बंदूकवाल्यांशी बोलला, मग झाडाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. मला संताप आला. आमचा माणूस उन्हात तळमळतोय आणि हा म्हाताऱ्यांशी गप्पा मारतोय.

मी वॉकीटॉकीवर कॅप्टनना सांगितलं की आम्हाला अडवलंय, झेंड्याचंच काहीतरी म्हणतायत.

"बोलत राहा," ते म्हणाले. "सोडतील. आजारी माणसाला अडवून त्यांना काय मिळणार?"

"सर, शिवून टाकू का आपण तो झेंडा? माणूस उतरला की काढू."

"नाही."

सारंगने आता शिव्या देणं बंद केलं होतं. त्याची गाठ निळी पडली होती आणि त्याला एकदम बरं वाटू लागलं होतं. दुखायचं थांबलं म्हणाला. मी औषधांच्या पेटीतल्या पुस्तकात वाचलं होतं की दुखणं असं थांबतं तेव्हा काय झालेलं असतं. मी त्याच्या ओठांना पाणी लावलं.

"सेकंड साब," तो म्हणाला, "तुमची सुई लागू पडली बघा."

ऊन उतरायला लागलं तेव्हा आम्हाला सोडलं. काय बदललं ते मला कळलं नाही. झाडाखालचा एक म्हातारा उठून उभा राहिला होता आणि त्याने काठी वर केली होती, एवढं दिसलं. रुग्णवाहिका थेट बांधावर आली.

शस्त्रक्रिया करणारी एक डॉक्टरबाई होती, इटालियन कॉलेजात शिकलेली. तिने सारंगला तपासलं आणि लगेच आत नेलं. थोड्या वेळाने ती हात पुसत बाहेर आली. आतडं काळं पडलं होतं, तिने इंग्रजीत सांगितलं, आणि विष सगळीकडे पसरलं होतं. दुपारी आणला असता तर, एवढं म्हणून तिने वाक्य सोडून दिलं.

मी व्हरांड्यात जाऊन सारंग गेल्याचं कॅप्टनना कळवलं. मग त्यांनी विचारलं, "वेळ किती झाली होती?" जहाजाच्या रोजनिशीत नोंदवायला लागते. मी वेळ सांगितली.

इद्रिस व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. मी त्याच्यासमोर गेलो. मराठीत म्हणालो, "एका कापडासाठी माणूस मारलात. हेच तुमचं सरकार?"

"सरकार बघायचंय?" तो म्हणाला. "या."

त्याने मला पायऱ्यांपर्यंत नेलं आणि रस्त्यापलीकडे हात केला. झाडाखाली ते म्हातारे अजून बसलेले होते.

"ते सात जण. सात कुळांचे. लढाई संपली तेव्हा या झाडाखाली बसून त्यांनी शपथ घेतली. पिवळ्या झेंड्याखाली जो येईल तो सगळ्या सात कुळांचा पाहुणा. त्याला हात लावला तर सातही कुळं त्याच्या रक्ताला जबाबदार. बांधावरची मुलं वेगवेगळ्या कुळांची आहेत. माझं ऐकत नाहीत, पोलीस नाहीत, पगार नाही. फक्त ही शपथ ऐकतात. झेंडा नसेल तर पाहुणा नाही. पाहुणा नसेल तर कुणाचा माणूस, ते सात जणांनी बसून ठरवावं लागतं. मी माझ्या लाँचमधून आणला असता तर माझ्या एकट्या कुळाचा झाला असता, आणि बांधावर गोळ्या चालल्या असत्या. आज दुपारभर तेच चाललं होतं. शेवटी एका कुळाने त्याला आपल्यावर घेतलं."

"हे जहाजावर का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "एवढंच सांगायचं होतं. कॅप्टननी शिवला असता झेंडा. पाहुणा म्हणून शिवला असता."

इद्रिस पायरीवर बसला.

"तुमचे कॅप्टन मान्यता, सीमा, संयुक्त राष्ट्रं म्हणत होते. त्यांच्यासमोर मी काय म्हणायचं? की आमचं सरकार म्हणजे एक झाड आणि सात म्हातारे? मी पुण्यात कायदा शिकून आलो, तो यासाठी?" मग तो थंडपणे म्हणाला, "आणि तुम्ही 'का' विचारलंत ते सगळ्यात शेवटी. आधी लुटारूंची भाषा सुधारली म्हणालात."

त्याचं म्हणणं खरं होतं, तरी मला त्याला माफ करता येत नव्हतं. पुढे त्या देशाच्या राजधानीत पुन्हा सरकार आलं, रिकाम्या खुर्चीवर माणूस बसला. मर्सा हल्वेला अजून कुणी मान्यता दिलेली नाही. तिथे आता शाळा आहेत, मतदान होतं, रस्त्यावर दिवे आहेत, असं खलाशी सांगतात. झाडाचं मी कुणाला विचारलेलं नाही.

मशिदीतल्या लोकांनी सारंगला अंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं. मी आभार मानले तेव्हा इद्रिस म्हणाला, "मुसलमान म्हणून केलं. पाहुणा म्हणून नाही." त्याला घेऊन आमची बोट परत निघाली, तेव्हा बांधावरच्या बंदूकवाल्यांनी अडवलं नाही. ते उभे राहिले, आणि बोट पार होईपर्यंत उभेच होते.

बोट वळली तेव्हा खलाशाने माझ्या खांद्याला हात लावला.

'तेरेखोल'च्या उजव्या दोरीवर झेंडा होता. पिवळा, मधोमध काळा पट्टा. अर्ध्यावर उतरवलेला, मृत्यूनंतर उतरवतात तसा. मागच्या लाल झेंड्याच्या बरोबरीने. पट्टा वाकडा होता. जहाजावर झेंडे शिवायचं काम सारंगचं, त्याच्याइतका सरळ टाका कुणाचाच नव्हता. जवळ आल्यावर हे टाके दिसले, लांब आणि वेडेवाकडे. दोरीपाशी कॅप्टन उभे होते, एकटे, शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या.

माझ्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. बंदराचा आवाज, सकाळचाच, शांत.

"तेरेखोल, तो झेंडा खाली घ्या."

कॅप्टनचा आवाज आला. "हा तुमचाच आहे."

"म्हणूनच." मग मराठीत: "त्या झेंड्याखाली आलेला माणूस आमचा पाहुणा असतो, कॅप्टन. त्याच्या मरणाला सात कुळं जबाबदार होतात. हा माणूस तसा आला नव्हता. तुम्ही येऊ दिला नाहीत. खाली घ्या."

बोट जहाजाच्या अंगाला लागली होती. कॅप्टननी दोरीची गाठ सोडली. रीत अशी की अर्ध्यावरचा झेंडा उतरवायचा तर आधी टोकापर्यंत चढवायचा आणि मग खाली आणायचा. त्यांनी तो सावकाश टोकापर्यंत चढवला, क्षणभर तिथे धरला, आणि मग खाली आणला.